टेबलावरचा राजा

आमच्या सीवूड्सच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई करावे गावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. इजिप्तचा राजाही त्या सुक्या बोंबलासारखा शिकवतात. “पोट साफ करायचा, मीठ लावायचा, सुकवायचा. मग त्याच्यावर पिरॅमिड.”

परवा त्यांनी मला, म्हणजे नव्या शिपायाला, टेबलावर आडवं करून तोंडासकट पट्ट्या गुंडाळल्या. पोरं भोवती डब्यांचा पिरॅमिड रचत होती, तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले.

“शिपाई कुठाय?”

मी सातवीत शाळा सोडलेली, घर तिकडे लातूरला. ही नोकरी गेली तर जाऊ कुठं?

बाई म्हणाल्या, “सर, जरा हळू बोला. राजा वारलाय.”

सरांनी सवयीनं चपला काढल्या, मला हात जोडले आणि गुपचूप परत गेले.

“उठू नको रं,” बाई माझ्या कानात म्हणाल्या, “पिरॅमिड व्हायचा हाय अजून.”

त्यांचे उपकार मानत मी तसाच मेलेला राहिलो.