कधीच काही दुरुस्त न केलेले इंजिनिअरकाका

इंजिनिअरकाकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुरुस्त केली नाही. तरीही कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत काही बिघडलं की पहिला निरोप त्यांनाच जायचा, आणि ते यायचे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल. बिघाड झालेल्या घरात बसायला खुर्ची मागणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

ते इंजिनिअर नव्हते. एपीएमसी मार्केटमध्ये धान्याच्या एका पेढीवर त्यांनी कारकुनी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. नाव पडलं ते लिफ्टमुळे. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत आमच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाई एकट्या होत्या. लिफ्टवाला येईपर्यंत काका बाहेर स्टुलावर बसून दाराच्या फटीतून त्यांच्याशी लिंबाच्या लोणच्याविषयी बोलत राहिले. बाई सुटल्या आणि लिफ्टवाल्याकडे न बघता काकांचे आभार मानून घरी गेल्या. तेव्हा कोणीतरी चेष्टेनं म्हणालं, खरे इंजिनिअर हेच. चेष्टा विसरली गेली, नाव राहिलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. स्टूल टेकवायचं, टॉर्च लावायचा आणि म्हणायचं, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बोला." मग माणूस बोलायला लागायचा. मिक्सरची तक्रार सांगता सांगता सुनेवर यायची, पाण्याच्या मोटारीची तक्रार भावाच्या जमिनीवर. काका मध्ये मध्ये फक्त "बरं" म्हणायचे. मिक्सर तसाच राहायचा. पण काका गेल्यावर मेकॅनिकला फोन करायची ताकद यायची, असं बऱ्याच जणांनी मला सांगितलं आहे.

माझ्याकडे ते आले त्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. मी बेलापूरची नोकरी सोडून घरूनच दुकानांच्या, दवाखान्यांच्या आतल्या सजावटीची चित्रं कॉम्प्युटरवर करून द्यायला लागले होते. जुना कॉम्प्युटर या कामाला पुरेना. एकेक चित्र तयार व्हायला अर्धा दिवस लागायचा. म्हणून मी वेगवान प्रोसेसर आणला. वाशीच्या एका कंत्राटदाराला दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याची चित्रं हवी होती, आणि ती आवडली तर पुढचं सगळं काम मला देईन म्हणाला होता. सकाळी बाबांचं आवरून मी जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा.

दुपारपर्यंत मी जमिनीवर बसून होते. शेजारी स्क्रूड्रायव्हर मागितला होता, त्यामुळे बातमी पसरली होती. काका आले, स्टूल टेकवलं आणि भर दुपारी कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला.

"बिघडायच्या आधी काय करत होतात?"

मी सांगितलं. सांगत सांगत मेमरी काढून पुसून बसवली. पडदा काळा. काका म्हणाले, बरं. मॉनिटरची वायर बदलली, प्रोसेसरजवळची विजेची वायर घट्ट केली, आतल्या मुख्य बोर्डावरचा छोटा सेल काढून थोड्या वेळानं परत घातला. दर वेळी पंखे फिरायचे, पडदा काळा राहायचा आणि काका त्याच आवाजात बरं म्हणायचे. शेवटी मला रडू आलं. पलंगावरून बाबा बघत होते, काही बोलू शकत नव्हते. काकांनी माझ्या दिशेचा टॉर्च शांतपणे भिंतीवर वळवला आणि मी डोळे पुसेपर्यंत भिंत नीट पाहून घेतली.

मग त्यांनी विचारलं, "हा नवा आत आलाय, हे आतल्यांना माहीत आहे का?"

मी म्हटलं, काका, म्हणजे काय?

"नाही, आपल्याकडे नवा भाडेकरू आला की वॉचमन अडवतो. माणूस चांगला असतो. पण गेटवर त्याचं नाव नसतं."

मला पहिल्यांदा रागच आला. मग आठवलं की माझा बोर्ड या प्रोसेसरपेक्षा बराच जुना आहे. कॉम्प्युटर सुरू होताना बोर्डातला मूळ प्रोग्राम, बायोस, आधी प्रोसेसर ओळखतो. माझं बायोस हा प्रोसेसर निघायच्या आधीचं होतं. फोनवर शोधलं, तर बोर्डाच्या माहितीखाली बारीक अक्षरात तेच लिहिलेलं: हा प्रोसेसर चालेल, पण आधी बायोस नवं करा.

म्हणजे जुना प्रोसेसर परत बसवायचा, त्याच्यावर कॉम्प्युटर सुरू करून बायोस बदलायचं, मग नवा. जुना बसवला आणि पडदा उजळला. आता एकच भीती होती. बायोस बदलत असताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा मरू शकतो. आणि त्या दिवशी आमच्या विंगच्या मीटररूममध्ये दिघ्याहून आलेला इलेक्ट्रिशियन काम करत होता. हे सांगितल्यावर काका स्टूल उचलून खाली गेले.

खाली काय झालं ते इलेक्ट्रिशियननं नंतर सांगितलं. काकांनी त्याला काम थांबवायला सांगितलंच नाही. ते म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही बोला. तो मुलीच्या बारावीबद्दल बोलत राहिला आणि माझं काम होईपर्यंत त्यानं मेन स्विचला हात लावला नाही.

नवा प्रोसेसर बसवला. पडद्यावर अक्षरं आली. मी खिडकीतून हाक मारली. काका वर आले, पडद्याकडे पाहून म्हणाले, "झालं? बरं." तोच आवाज.

चित्रं वेळेवर गेली, काम मिळालं. त्यानंतर काका आमच्याकडे काही न बिघडताच यायला लागले. बाबांच्या पलंगाशी बसायचे आणि ज्या माणसाला बोलता येत नव्हतं त्याला म्हणायचे, तुम्ही बोला. मग थांबायचे. बाबांच्या तोंडून अर्धा आवाज निघाला की आम्ही सगळे तो शब्द पुरा करून द्यायचो. काकांनी तसं कधी केलं नाही. पुष्कळ दिवसांनी, एका संध्याकाळी, बाबा स्पष्ट म्हणाले, "बसा." काका बसलेलेच होते. ते उठले आणि पुन्हा बसले.

मागच्या वर्षी काका झोपेतच गेले. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा सवयीनं बेल दाबली. वाजली नाही. काकू म्हणाल्या, ती कित्येक वर्षं बंदच आहे. दुरुस्त करा म्हटलं की हे म्हणायचे, कशाला, दार उघडंच असतं की.

आता काकू एकट्या असतात. पुण्याच्या मुलाला काळजी वाटली, म्हणून सोसायटीनं नवी बेल बसवून दिली आणि दार बंद ठेवायला सांगितलं. मी रविवारी जाते, बेल दाबते आणि बाहेर उभी राहते. बेल चांगली वाजते. दोन-तीनदा दाबावी लागते, एवढंच. काकूंना कमी ऐकू येतं.