विचारा की त्याला, जमीन विकू का

आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि मग तो चालवायचा कुणी हा प्रश्न पडला. मी गणित शिकवायची, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पिरंगुटच्या आसपास कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि शाळेत वर्गाला धड फळा नव्हता. अशा शाळेला हे कौतुक. पुण्याला जाऊन थोडंफार शिकून आले, येताना संगणकावर लावायच्या खेळांच्या काही कॅसेट मिळाल्या.

त्यातला एक खेळ मला मनापासून आवडला. त्यात आपण एका गावाचे कारभारी. दर वर्षी यंत्र विचारणार, धान्य किती पेरायचं, खायला किती द्यायचं, जमीन विकायची की घ्यायची, तीही धान्याच्याच मोलानं. आपण आकडे घालायचे, की वर्ष कसं गेलं ते पडद्यावर येई. पाऊसपाणी, उंदीर, रोगराई सगळं त्याच्या मर्जीनं. सूचना इंग्रजीत, त्या मी मोठ्यानं मराठीत सांगायची. पोरं आधी होतं नव्हतं ते सगळं पेरून बसायची आणि गाव उपाशी मरायचं. मग आपसात भांडायची. भांडू देत, मला तेच तर हवं होतं. एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारी पोरं "आरं, खायाचं आदी बाजूला काड" म्हणून एकमेकांवर ओरडायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, वीज टिकली तर हे यंत्र कामाचं आहे.

नववीतल्या एका मुलीनं यात सगळ्यांवर मात केली. भरे गावची, गप्प गप्प असायची. तिनं युक्ती काढली की पहिल्याच वर्षी जमीन विकायची, आलेल्या धान्यावर गाव जगवायचं आणि भाव पडला की जमीन परत घ्यायची. तिचं गाव बहुतेक वेळा तरायचं. मी तिला वर्गापुढं उभं करून हे सगळ्यांना समजावून सांगायला लावलं.

पुढचं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या घरात तेव्हा खऱ्या जमिनीवरून धुसफूस चालली होती. रस्त्याकडेचं आंबेमोहोर भाताचं खाचर एका कारखान्याला हवं होतं. कारखान्यात नोकरी मिळेल म्हणून काका विकायला तयार, वडिलांचा जीव होईना. पोरीनं घरी जाऊन सांगितलं, विकलं की जिंकतो, मी रोज विकते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर वडील तिला घेऊन संगणकाच्या खोलीशी आले. चपला दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई, ह्यो संगणक सांगतो म्हनं, जमीन इकल्यावर काय हुतं ते. विचारा की त्याला, आमी इकू का. भावाला उद्या जबाब द्यायचाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अहो, हा खेळ आहे. कुण्या परदेशातल्या माणसानं बसून रचलेला. त्याला भरे माहीत नाही, भात माहीत नाही, कारखान्यातली नोकरीही माहीत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय. तरी बी इचारा."

मला रागही आला आणि वाईटही वाटलं. विचारायचं तरी कुणाला त्यांनी? ज्याला विचारावं त्याचा त्यात काही ना काही हात. निदान या यंत्राला त्यांच्या खाचराशी देणंघेणं नव्हतं. घातली कॅसेट.

कळफलकाशी पोरगीच बसली. गावात माणसं किती, ते आपणच घालायचं असे. वर्गात आम्ही शंभर घालायचो. तिनं घरातली सात माणसं घातली आणि काकाच्या मनासारखी सगळी जमीन पहिल्याच वर्षी विकून टाकली. धान्याचा आकडा एवढा वर गेला की वडील हसले. दुसरं वर्षही निभावलं. तिसऱ्या वर्षी उंदीर लागले. जमिनीचा भाव इतका चढला होता की परत घ्यायची सोय उरली नव्हती. पडद्यावर ओळ आली, ती मी सवयीनं वाचून दाखवली. उपासमारीनं दोन माणसं मेली.

"कोन?" वडिलांनी विचारलं.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगणार होते की यंत्र नावं सांगत नाही, पण पोरगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आजी आन् धाकटा."

"न्हाई," वडील म्हणाले. "आदी मी आन् तुजी आई."

तिनं हात मांडीवर घेतले. वडील उठले. "बाई, भावाला न्हाई म्हनून सांगतो. न्हाई इकायचं."

माझं डोकं फिरलं. अहो, या खेळात पगार नाही, बँक नाही, कदाचित तुमच्या भावाचंच बरोबर असेल, तुम्ही एका खेळावरून एवढा निर्णय घेता?

"आसंल बी त्याचं बरोबर." ते दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "खेळाचं सोडा, बाई. आजी आन् धाकटा, पोरगी किती पटकन बोलली, बगितलंत न्हवं?"

बघितलं होतं मी.