फळ्यावरचं नाव

"चूक ज्याची त्याच्या हातात ठेवावी, चारचौघांत मिरवू नये," असं तपासनीस एकदा बायकोला म्हणाला होता. तिने भाजी करपवली होती आणि त्याने ते पातेलं मुकाट्याने घासून ठेवलं होतं.

कारखान्यातही त्याची रीत तीच. पंपांचे दांडे तपासायचं काम, काचेच्या खोलीत, बावीस वर्षं. दांडा मापात बसला नाही की जेवणाच्या सुट्टीत तो ज्याचा त्याच्या मशीनवर ठेवून यायचा. माणूस परतला की काय ते समजायचा, कान लाल करून पुन्हा कामाला लागायचा. कानोकान खबर नाही.

मग कारखाना परदेशी कंपनीने घेतला, नवे साहेब आले. माणूस भला. भाषाही तोडकीमोडकी शिकले. पण रोज सकाळी सगळ्यांना फळ्यासमोर उभं करायचे. कालची चूक कोणाची ते मोठ्याने सांगायचं, नाव लिहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचंच लिहिलं.

"आमच्याकडे लपवणं अपमान," ते म्हणाले. "तोंडावर सांगतो, म्हणजे मी तुम्हाला मानतो."

"आणि आम्ही मानतो म्हणून गप्प बसतो, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. साहेबही हसले.

ते हसू महिनाभरात आटलं. दोनदा नाव लागलं की मशीन सोडून पॅकिंगला जायचं, असा नियम निघाला. तपासनिसाचे सासरे तिथेच लेथ मशीनवर दांडे कातायला होते. त्यांनीच जावयाला इथे चिकटवलेलं, माप धरायला शिकवलेलं. निवृत्तीला पाच महिने उरलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलायचं नाव नाही. फळ्यावर एकदा नाव लागलं तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.

मंगळवारी एक दांडा पाव मिलिमीटर जाड निघाला. त्यावर कारागिराची खूण सासऱ्यांची. तो गुपचूप ठेवायला निघाला, तर दारात साहेब.

"कोणाचा?"

"बघून सकाळी सांगतो."

घरी बायको ताट वाढता वाढता थांबली. "बाबांचं नाव घेणार तुम्ही?"

"साहेबांनी दांडा पाहिलाय. तोंड शिवून बसलो तर नोकरी जाऊन मीच घरी बसेन."

"आणि घेतलंत तर ते बसतील. पॅकिंगला जायचे नाहीत, मला ठाऊक आहे."

त्याने ताट पुढे सारलं. चारी बाजूंनी भिंत, आणि प्रत्येक भिंतीला आपल्याच माणसाचा चेहरा.

सकाळी सगळे फळ्यासमोर उभे राहिले. सासरे पुढच्या रांगेत, हात पाठीमागे. साहेबांनी दांडा वर धरला.

"चूक माझी," तपासनीस म्हणाला. "लेथवर माप मीच चुकीचं दिलं."

साहेबांचा चेहरा उजळला. "पाहा! पहिला माणूस, आपणहून बोलला!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना वाजवायला लावल्या. मग मार्कर पुढे केला. "उद्यापासून फळा तुमचा. रोज नावं तुम्ही लिहायची."

टाळ्या थांबल्या. सासऱ्यांनी हात पाठीमागून काढलेच नव्हते.

"जावईबापू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माप तुम्ही बरोबर दिलं होतंत."

"काय म्हणाले ते?" साहेबांनी विचारलं. कोणी सांगेना. सासरे ताठ उभे होते, नजर फळ्यावर, जिथे त्यांना अक्षरंही धड दिसत नसावीत. साहेब तपासनिसाकडे पाहत राहिले, मार्कर तसाच पुढे धरून.

तपासनीस मार्कर न घेताच वळला, रांगेतल्या माणसांनी वाट दिली, आणि तो बाहेर पडला.