श्रुतीत चालणारा जनरेटर

जनरेटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक साधारणपणे काय विचारतं? किती वॅट, एका टाकीत किती वेळ चालतो, बिघडला तर माणूस घरी येतो का. माझ्या आत्याने तंजावूरच्या दुकानदाराला विचारलं, "ह्याची श्रुती स्थिर आहे का?" श्रुती म्हणजे गाणाऱ्याला आधार देणारा अखंड सूर; दुकानदाराला वाटलं बाईंना बॅटरी म्हणायचं असेल. आत्याने जनरेटर सुरू करायला लावला, पदराला हात पुसून तळवा टाकीवर ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, आता ह्याला पंखा जोडा. आता पंखा काढा. पंखा काढल्यावर इंजिनाचा आवाज जरा चढला आणि खाली यायला वेळ लागला, तशी तिने नकारार्थी मान हलवून दुसरा दाखवायला सांगितला. दुकानातली पोरं हसू दाबत होती, आणि मी, पुण्याहून सुट्टीवर आलेला तिचा भाचा, समोरून जाणाऱ्या टाऊन बसच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग करत होतो. अशा बाईबरोबर बाजारात जायला छाती लागते.

आमचं घराणं तंजावुरात कधी आलं हे आता घरातही कुणाला नीट सांगता येत नाही. मराठी मात्र टिकली, तीही उंबऱ्याच्या आतच. आत मराठी, बाहेर तमिळ. भाजीवाला, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांशी तमिळ. आई-बाप, नवरा-बायको, भाऊ-बहीण ह्यांच्याशी मराठी. देवनागरी आमच्यात फार थोड्यांना वाचता येते. मी शिकायला पुण्याला गेलो, तिथेच राहिलो आणि बोलणं बदललं. आत्या त्यावरून मला सोडत नसे. "काय करतो आहेस" ह्याला आमच्याकडे "काय करूलालास" म्हणतात; मी चुकून पुणेरी बोललो की ती म्हणायची, "तुझ्या मराठीला इस्त्री केलीस कां रे? बेश आहे. पण आंत कोण आहे तें दिसत नाहीं."

आत्या शाळेत गणित शिकवत होती. म्हणून तिचे यजमान, माझे आतोबा, तिला घरातही 'टीचर' म्हणत. ते स्वतः तिरुवैयारूला गाणं शिकवायचे. सत्तरीच्या आसपास त्यांना विसर पडू लागला. आधी शिष्यांची नावं गेली, मग बसस्टँडहून घरी यायचा रस्ता गेला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आत्या रडली नाही. स्वयंपाकघरात येऊन रसवांगीची वांगी चिरायला बसली आणि खाली मान घालून मला म्हणाली, "विसरूं देत. नांव विसरूं देत, जेवलेले विसरूं देत. मज एकच भीती आहे रे. एक दिवस हे माझ्याशीं तमिळ बोलतील." आमच्या घरातल्या माणसाला ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

घरी माणसं यायची. प्रेमानेच यायची, पण आल्या आल्या आतोबांच्या समोर उभी राहून विचारायची, "ओळखलंत का मला?" आतोबा ओशाळे हसायचे, कपाळ चोळायचे, पाहुणा गेला की जेवायचे नाहीत. आत्याचा संताप संताप व्हायचा. "परीक्षा घेणें हा माझा धंदा. पोर्शन झाला नाहीं त्याची परीक्षा घेऊं नये, एवढं कळत नाहीं ह्या लोकांना?" एके दिवशी तिने एका शाळेची जुनी व्हॅन विकत घेतली. मागच्या सीटा काढून दोन बिछाने, एक पंखा, औषधांसाठी छोटा फ्रिज, चटणीसाठी मिक्सर. आणि निवृत्त गणित-शिक्षिका ही 'वंडी' स्वतः चालवत, नवऱ्याला शेजारी बसवून, कावेरीच्या कालव्यांच्या काठाने हिंडू लागली. वंडी म्हणजे गाडी. गावभर तिचं नाव वंडी-आत्या झालं.

वंडीत वीज हवी म्हणून जनरेटर हवा. पहिला जनरेटर तिने सगळ्यांना विचारून, हिशेब करून घेतला. पंख्याला किती, फ्रिजला किती, आणि फ्रिज सुरू होताना जी उडी मारतो तिला किती. "नुसतं चालणं धरूं नको, उडी धर," असं मला दोनदा बजावून तिने अगदी मापाचा, हलका, मुका म्हणावा इतका शांत जनरेटर आणला. नव्या धर्तीचा, काम कमी असेल तेव्हा आपणहून हळू होणारा, पेट्रोल वाचवणारा. तज्ज्ञांनी पाठ थोपटली. आणि आतोबांना त्याचा आवाज सहन होईना. पंखा एकटा असला की तो गुणगुणायचा, फ्रिज लागला की वर चढायचा, फ्रिज थांबला की परत खाली. आतोबा कानांवर हात ठेवून म्हणायचे, "सरकूलालं, सरकूलालं." काय सरकतंय ते त्यांना सांगता यायचं नाही. आत्या बिछाना हलवून बघायची, उशी बदलायची. शंभर जणांना विचारून आणलेली वस्तू ज्याच्यासाठी आणली त्यालाच छळत होती.

मग तो एकदा बंदच पडला. महिनाभर न वापरता ठेवला होता, आतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन बसलं. आम्ही एका खेड्याजवळ नारळीच्या बागेत थांबलो होतो, उकाडा मी म्हणत होता. गावात लग्नाला मांडव आणि दिवे भाड्याने देणारा एक माणूस होता. त्याने आपला जुना जनरेटर आणून दिला. धूड नुसतं. नाकापेक्षा मोती जड. दोरी ओढली आणि त्याने जो घुमायला आरंभ केला तो एकाच सुरात, पंखा लागो की फ्रिज. मी वैतागलो. आत्या माफी मागायला आतोबांकडे वळली, तर ते उठून ताठ बसले होते. मांडीवर हात पडला होता आणि ताल सुरू झाला होता. मग ते गाऊ लागले. कितीतरी दिवसांत ते गायले नव्हते. घरी तंबुऱ्याचं विजेवरचं यंत्र लावलं की त्यांना वाटायचं वर्ग सुरू झाला, आणि शिष्य येत नाहीत म्हणून ते दाराशी जाऊन उभे राहायचे. इथे कुणी त्यांना गा म्हटलं नव्हतं. एक सूर नुसता चालला होता आणि ते त्यात उतरले होते.

आत्या हरखून म्हणाली, "अहो, ह्याचा सा लागला कीं तुम्हांस!" आतोबा थांबले. शिष्याची चूक सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते आलं. "सा नव्हे गे टीचर, पंचम. ह्याच्या खालीं मी माझा सा धरूलालों." अस्सल मराठीत, 'टीचर'सकट. आत्या व्हॅनच्या मागे गेली आणि बराच वेळ चाकाशी काहीतरी शोधत राहिली. चाकाशी काहीच पडलं नव्हतं.

म्हणून मग त्या दुकानातली ती श्रुतीची चौकशी. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. शांत, नवा जनरेटर काढून टाकून जड, जुन्या धर्तीचा, आवाज करणारा, जास्त पेट्रोल पिणारा कोण घेतं? मीसुद्धा समजावून पाहिलं. ती म्हणाली, "तुझं अस्की बरोबर आहे. माझं गणित वेगळं आहे." 'अस्की' म्हणजे सगळं. सगळं कबूल करून एकही गोष्ट न ऐकण्याची कला आमच्या आत्याकडून शिकावी.

त्या जनरेटरची बडदास्त तिने जी ठेवली ती सूनबाईला लाजवील अशी. हवेच्या गाळणीतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, सावलीत वाळवायचा. "धाप लागलेलं इंजिन बेसूर होतें." तेल काळं पडायच्या आत बदलायचं. प्लग काढून त्याचं तोंड बघायचं. कोरडं, विटकरी असलं की ती खूश, काजळी असली की दिवसभर चिडचिड. घरी परत आलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल थेंब न थेंब काढून टाकायचं. पहिल्या जनरेटरने दिलेला धडा तिने सुभाषित करून ठेवला होता: "पोटांत जुनं ठेवलं कीं दुसऱ्या दिवशीं सुरू होत नाहीं. यंत्र असो, माणूस असो." हे ती मला माझ्या संसारातल्या भांडणांच्या वेळी फोनवरसुद्धा ऐकवायची. जनरेटर नेहमी व्हॅनपासून लांब, लांबलचक वायर टाकून, धुराचं तोंड पलीकडे करून. वारा फिरला की उठून तोही फिरवायचा. धुराच्या बाबतीत तिचा विश्वास कुणावर नव्हता, वाऱ्यावरही नव्हता.

आतोबा गायला लागले की ती फ्रिज बंद करायची. तेवढीही उडी सुराला नको. दूध नासलं तर नासलं. शेजारी तंबू ठोकलेल्या कॉलेजच्या पोरांनी एकदा आवाजाची तक्रार केली, तर तिने त्यांना जेवायलाच बोलावलं. पोरं रसवांगी खाऊन, गाणं ऐकून, भांडी घासून गेली. त्या दिवसांत आतोबा पोटभर जेवायचे, गाणं संपलं की "टीचर, कापी" म्हणून कॉफीसाठी हाक मारायचे आणि मग थोडा वेळ आपल्या लग्नातल्या गोष्टीही सांगायचे. आत्याला त्या पाठ होत्या. ती प्रत्येक वेळी "असें कां? मग?" म्हणायची. त्या एका हिवाळ्यात आत्या जितकी सुखात होती तितकी मी तिला तिच्या तरुणपणीही पाहिली नाही, आणि ते सुख किती तकलादू आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आजार काही जनरेटर ऐकत नाही. गाणं आखूड होत गेलं. आधी शब्द गळाले, मग नुसता आलाप उरला, मग पंचम चालू असताना आतोबा नुसते बघत बसायचे. आत्या तरीही स्पंज धूत राहिली, प्लग पुसत राहिली. मी एकदा म्हटलं, आत्या, आता पुरे, दमलीस. ती म्हणाली, "ते येतील त्या वेळीं सूर बंद असला तर?"

आता दोघंही नाहीत. आतोबा आधी गेले, आत्या ह्या वर्षी. वंडी विकली. जनरेटर मी त्या मांडववाल्याला देऊन आलो, त्याच्याकडे निदान रोज चालेल. दिवसाकार्याला आलेल्या माणसांनी आत्याच्या हिमतीच्या गोष्टी सांगितल्या, श्रुतीचा किस्साही निघाला, सगळे हसले. मला मात्र सारखी तिची एकच दुपार दिसत होती. ती मी कुणाला सांगितली नाही.

ती त्यांची शेवटची सहल. कालव्याच्या काठावर वंडी उभी होती, जेवणं झाली होती. आत्या बाहेर जनरेटरपाशी वाकून तेल बघत होती, मी झाडाखाली आडवा झालो होतो. आतोबा व्हॅनमधून उतरले, सावकाश चालत तिच्यापाशी गेले आणि हात जोडून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने, तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, कोंजम निरुत्तुंगो." जरा बंद करता का. मग पुढे, तमिळमध्येच: आत माझी बायको झोपली आहे. तिची झोप फार सावध आहे हो. दिवसभर शाळेत उभी असते.

मी उठून बसलो. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी सांगणार नाही. "सरि, अय्या," बरं आहे, असं ती तमिळमध्येच म्हणाली, आणि खटका दाबला. इंजिन थांबलं. एवढी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू आलं. आतोबांनी मान लववून तिचे आभार मानले.

मग ते तिथेच घुटमळले, कुठून आलो ते विसरल्यासारखे. आत्या पदराला हात पुसत पलीकडच्या दाराने व्हॅनमध्ये शिरली आणि आपल्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्यांना परक्या बाईचा चेहरा दिसू नये म्हणून. थोड्या वेळाने आतोबा आत आले. पंखा बंद होता. त्यांनी ताडाचा हातपंखा घेतला, बिछान्याच्या कडेला बसले आणि तिच्या पाठीवर वारा घालू लागले.

"उकडूलालं कां गे टीचर?" त्यांनी हळूच विचारलं. मराठीत.

आत्याची पाठ हलत होती. तोंडात पदर कोंबून ती गप्प पडून राहिली. उत्तर द्यायला तोंड फिरवलं असतं तर ती पुन्हा परकी झाली असती.