माफीआधी पंचनामा

"ताई, मिटलं सगळं!" फादर डॉमनिक माझ्या ऑफिसात शिरले ते हसतच. टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. मी वाचला, पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

'गैरसमजातून तक्रार दिली. आमचे काही नुकसान झालेले नाही. तक्रार मागे घेत आहोत.' खाली अकरा अंगठे, आणि साक्षीदार म्हणून फादरांची झोकदार सही.

हिंगोली तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता आणि मला वकिली सुरू करून दहा वर्षं झाली होती. पक्षकारांचे घोळ मला नवे नव्हते. पण देवाचं नाव घेऊन आपल्याच बाजूची केस बुडवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका गावात अकरा बौद्ध कुटुंबं गायरान कसत होती. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. भूमिहीन माणूस सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून ती कसत असेल, तर ती त्याच्या नावावर होऊ शकत होती. जुन्या वहितीचे साक्षीदार आमच्याकडे होते. आजचा ताबा दाखवणारा सरकारी कागद मात्र एकही नव्हता.

गावच्या पाटलांना त्याच माळावरचा मुरूम हवा होता. तो न्यायला आलेल्या ट्रॅक्टरपुढे बाया बसल्या, त्यांच्यात फादरही. फादर मूळचे वसईचे. जमीन उकरली की आसपासच्या विहिरी आटतात, हे त्यांनी तिकडे पाहिलं होतं. या गावात ख्रिस्ती घर एकही नाही, आणि कुणाला ख्रिस्ती करायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "येशू आज असता तर याच माळावर बसला असता," म्हणायचे. त्यांच्या वरिष्ठांना हे मुळीच पटत नसे. चर्च सोडून ट्रॅक्टरपुढे काय करता, अशी पत्रं यायची.

ट्रॅक्टर अडवल्याच्या रागात पाटलांनी कलावतीबाईंच्या उभ्या ज्वारीत गुरं सोडली. बाई विधवा, तीन एकर खडकाळ रान त्यांनी दगड वेचून वेचून तयार केलेलं. तक्रार मीच लिहून दिली. तलाठी पंचनाम्याला येणार होते. पंचांसमक्ष जागेवर जाऊन जे दिसलं ते लिहायचं, तो पंचनामा. त्यात 'उभं पीक तुडवलं' एवढं आलं असतं, तरी ताबा दिसला असता. पाटलांनी आपल्या हातानं आम्हाला पुरावा दिला होता. आणि तलाठी पोचायच्या आत फादरांनी तो परत करून टाकला!

"पाटील रडले हो," फादर म्हणाले. "हात जोडले. माफी मागणाऱ्याला नाही कसं म्हणू?"

"मजकूर कुणाचा?"

"त्यांच्याच माणसाचा. मला वाटलं, मोठ्या मनानं सही करावी."

"फादर, नुकसान नाही म्हणजे पीक नाही. पीक नाही म्हणजे ताबा नाही. ताबा नाही म्हणजे जमीन नाही. माफ करा, खुशाल करा, पण पंचनामा झाल्यावर करा!"

मागोमाग आलेल्या कलावतीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्यावरही घसरले. "तुम्ही अंगठा का दिलात?"

"फादर म्हणले म्हणून देला. त्यांच्या शब्दाला न्हाई कसं म्हणावं?" मग त्या फादरांकडे वळल्या. "पर फादर, ज्वारी माझी तुडवली. मापी द्याची का न्हाई, ते म्या ठरवायचं व्हतं. तुमी काहून देऊन बसले?"

इतका वेळ मी ओरडून कायदा सांगत होते, मुद्द्याचं बाईंनी आवाज न चढवता सांगितलं होतं.

एकच रस्ता उरला होता. फादरांनी तहसीलदारांपुढे अॅफिडेव्हिट द्यायचं, म्हणजे शपथेवर लेखी सांगायचं, की तो मजकूर खोटा आहे.

"मी खोट्यावर सही केली, हे जाहीर सांगायचं? वरिष्ठांना कळलं तर?"

"कळणारच. पाटील कळवतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अॅफिडेव्हिट दिलं. सुनावणीत पाटलांचा वकील तुटून पडला. "धर्मगुरू असून खोट्यावर सही करता?"

"केली," फादर म्हणाले. "कुणाचं मन दुखवू नये म्हणून केली. आणि ज्यांच्या बाजूनं उभा होतो, त्यांचंच नुकसान केलं."

तहसीलदारांनी जागेवर जाऊन पाहणी करायचा आदेश दिला. ज्वारीची धसकटं अजून जमिनीत होती आणि बांधावर बायांनी लावलेले कडुलिंब मनगटाएवढे जाड झाले होते. आजचं पीक आणि जुनी वहिवाट, दोन्हींची नोंद झाली. पाटलांनी अर्थातच वर कळवलं, आणि सहा महिन्यांत फादरांची बदली झाली.

तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात चार वर्षं गेली. शेवटी नऊ घरांची नावं सातबाऱ्यावर लागली, दोन घरं अजून भांडताहेत. तेव्हापासून ज्युनिअरांना मी बजावते, तडजोडीच्या कागदापाशी आधी ज्याचं रान तुडवलं त्याला बोलवा.

सातबारा हातात घेऊन कलावतीबाई ऑफिसात आल्या, तेव्हा मी गमतीनं विचारलं, "काय, आता तरी पाटलांना माफी?"

"इचार करून राहिले," त्या म्हणाल्या.

मी हे फादरांना पत्रानं कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: 'घाई करू नका म्हणावं.'