उलटा ग

फिटरबाईच्या वर्कशॉपात तो जुना, लोखंड जबड्यात आवळून धरणारा बाकावरचा व्हाइस आला, तेव्हा तो कुणी बनवला हे शोधायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. गॅरेजवाल्याचं म्हणणं एवढंच, की भंगारातून घेतलेला आहे, जबड्याचं वेल्डिंग उकललंय, तेवढं करून द्या. पण तारेच्या ब्रशने रंगाचे थर काढता काढता पंचाने मारलेला आकडा वर आला आणि तिचा हात थांबला. सतरा.

या सतरा नंबरनेच तिच्या वडिलांची नोकरी खाल्ली होती.

वडील फाउंड्रीत मोल्डर, वाळूचे साचे घडवणारे. साच्यात लोखंड ओतायच्या आधी प्रत्येक मोल्डर खिळ्याने वाळूत आपलं अक्षर कोरायचा. सतरा नंबरचा जबडा ऐन कामात तुटला आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. "त्यावर ग आहे," असं शेजारच्या साच्यावरच्या मोल्डरने साहेबाच्या कानात सांगितलं. ग म्हणजे तिचे वडील! "मला दाखवा तरी!" म्हणून ते घसा फोडून ओरडले, पण व्हाइस त्याच संध्याकाळी भंगारात गेला होता. वडिलांना काढलं. सांगणारा पुढे फोरमन झाला. त्याचंही नाव ग वरूनच सुरू होतं, हे साहेबाच्या डोक्यात आलंच नाही. वडील मरेपर्यंत लोक त्यांना पाठीमागे 'बोटंखाऊ' म्हणत. फिटरबाईने ते लहानपणापासून ऐकलं होतं आणि एकदाही गिळलं नव्हतं.

तिने व्हाइसची कूस खरवडली. ग निघाला. बोट फिरवलं, तर उभी रेघ उजवीकडे नाही, डावीकडे.

ती एकटीच मोठ्याने हसली. वाळूत सरळ लिहिलं की लोखंडात उलटं उमटतं. म्हणून वडील वाळूत मुद्दाम उलटा ग कोरायचे, लोखंडात तो सरळ यायचा. घरी तिच्या पाटीवरही तसाच काढायचे आणि आईची बोलणी खायचे. "शेजारच्याला कितीदा सांगितलं," ते म्हणायचे, "पण गड्याचा ग काही सरळ येत नाही."

हा ठेवून घेऊन गॅरेजवाल्याला तिने आपला नवा व्हाइस देऊन टाकला.

फाउंड्रीतले म्हातारे रोज दुपारी कामगारांच्या खोलीत पत्ते कुटायचे. मधल्या खुर्चीत फोरमन, शेजारी तीनबोट्या, म्हणजे ज्याची बोटं गेली तो. फिटरबाईने पत्त्यांवरच व्हाइस आदळला.

"अगं, डाव मोडलास की!" फोरमन खेकसला.

"तुमचाच मोडायचा होता, काका. हे अक्षर वाचा."

"चष्मा नाही माझ्याजवळ."

"बोटाने वाचा," तीनबोट्या म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुमची शाबूत आहेत."

फोरमनने बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. "ग आहे. मग? मी तेव्हाच सांगितलं होतं."

"सरळ की उलटा?"

त्या खोलीतल्या प्रत्येकाने हयात वाळूत घालवली होती. समजावून सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "लोखंडात उलटा ग फक्त याचाच यायचा. आपण चिडवायचो त्याला."

"झालं गेलं," फोरमन पुटपुटला. "तुझा बाप तर गेला बिचारा. आता काय हवंय तुला?"

"बिचारा म्हणू नका." तिने पिशवीतून हातड्रिल, चार बोल्ट आणि पाना काढला. "काही नकोय. हा इथे बसवायचाय."

"पत्त्यांच्या टेबलावर? वेड लागलंय का!"

"भोकं पाड," तीनबोट्या म्हणाला, आणि उरलेल्या तीन बोटांनी त्याने व्हाइस घट्ट दाबून धरला.

ग फोरमनच्या खुर्चीकडे येईल असा तिने तो बसवला. बोल्ट एवढे आवळले, की पाना करकरला.

दुसऱ्या दिवसापासून फोरमन आला नाही. घराबाहेरही फारसा दिसेना. आठवड्याने फिटरबाई व्हाइसला तेल द्यायला खोलीत आली, तेव्हा त्याची सून तिथे येऊन म्हणाली, "ताई, काढा ना तो. जेवत नाहीत हो ते."

फिटरबाईने ऐकून घेतलं. तिला त्या सुनेची दया आली, नाही असं नाही. पण तिने तेलाची बाटली उघडली, गंज चढू नये म्हणून त्या अक्षरावर बोटाने तेल चोळलं आणि म्हणाली, "माझे वडील दोन वर्षं नीट जेवले नव्हते. यांचा आठवडाच झालाय."

तीनबोट्याने पत्ते पिसले आणि मधली खुर्ची भिंतीला लावून टाकली.