आईच्या नाकावर भरवसा

त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बासष्ट साली मी बेंगळुरात सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. साताऱ्याहून आलेल्या आईला माझ्या जुन्या मोटारीतून देवनहळ्ळीचा किल्ला दाखवायला निघालो, तर यशवंतपूरला ती खालीच उतरली. “पेट्रोलचा वास येतोय. मी नाही बसत.”

समोरच्या गॅरेजातून बेळगावकडचा एक मिस्त्री आला. त्यानं आधी स्वतःची बिडी विझवली, मग पेट्रोलच्या नळीच्या जोडावरून बोट फिरवून हुंगलं. त्या जोडाचा नट मी महिनाभर आवळतोय, असं सांगितल्यावर तो हसला. “आवळून आवळूनच नळीचं तोंड फाटलंय की, साहेब!”

त्यानं फाटकं टोक कापलं, नळीला नवं तोंड केलं आणि नट आधी हातानं बसवला. मग एका पान्यानं जोड धरून दुसऱ्यानं नट स्वल्प फिरवला आणि थांबला. इंजिन सुरू झाल्यावर मी वास घ्यायला वाकलो, तर मला बाजूला सारून तो आईला म्हणाला, “अक्का, तुम्ही बघा. तुम्ही सरी, ठीक आहे म्हणाल तरच गाडी सोडतो.”

माझ्या शिक्षणापेक्षा त्यानं तिच्या नाकावर भरवसा ठेवला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आईनं दोनदा हुंगलं आणि ऐटीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. “चल आता,” ती म्हणाली, “पण यापुढे पान्याला हात लावू नकोस.”